पाने तहानलेली, कुंडी ओली: होया लिनिॲरिसच्या एका रोपाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे रोप माझे नव्हते. पूर्वी माझ्याबरोबर काम करणाऱ्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असलेल्या एका बाईंचे होते. मी त्यांना ताई म्हणते, इथेही तेच नाव ठेवते. ताईंच्या घरात मनीप्लांट, नेचे आणि दोन-तीन साध्या जाड पानांच्या होया वेली वर्षानुवर्षे सुखाने नांदत होत्या. हात चांगला होता, सवयी पक्क्या होत्या. त्याच सवयी या रोपाला बाधल्या, म्हणून हे सगळे सविस्तर लिहिते आहे.

होया लिनिॲरिस ही होयांमध्ये वेगळीच दिसते. बाकीच्या बहुतेक होयांची पाने मेणचट, जाड, चकचकीत असतात. हिची पाने म्हणजे तीन ते पाच सेंटिमीटर लांबीच्या मऊ हिरव्या सुयाच, आणि त्यांवर बारीक लव. वेली वर चढत नाहीत, सरळ खाली लोंबतात. चांगले वाढलेले रोप खिडकीत टांगले की हिरव्या केसांचा झुबका सोडल्यासारखा दिसतो. फुले पांढरी, चांदणीच्या आकाराची, आणि वास लिंबाच्या जवळ जाणारा.

होया प्रजातीचे नाव रॉबर्ट ब्राउन यांनी १८१० मध्ये थॉमस हॉय या माळ्याच्या सन्मानार्थ ठेवले. या जातीचे वर्णन डेव्हिड डॉन यांनी १८२५ मध्ये नेपाळच्या वनस्पतींवरील ग्रंथात केले. नेपाळचा हा उल्लेख पुढे कामाला येतो, कारण ही जात हिमालयातली आहे. साधारण दीड-दोन हजार मीटर उंचीच्या दमट रानांत ती झाडांच्या शेवाळलेल्या फांद्यांवर वाढते. बांडगुळासारखी ती त्या झाडाचा रस शोषत नाही, फक्त आधार घेते. तिच्या मुळांना रोज ओलावा मिळतो, पण तो धुक्याचा, शेवाळाचा, सतत वारा लागणारा. पाण्यात बुडून राहणे त्या मुळांना ठाऊकच नाही.

ताईंकडे रोप आले तेव्हा आठ वेली होत्या, प्रत्येकी चाळीस सेंटिमीटरच्या आसपास. साधी प्लॅस्टिकची टांगती कुंडी, आत घट्ट दाबलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. दुसऱ्याच दिवशी ताईंनी ते अठरा सेंटिमीटर व्यासाच्या सुंदर चिनी मातीच्या कुंडीत हलवले. तळाला तीन सेंटिमीटर खडे, वर कोकोपीट आणि कंपोस्ट निम्मे-निम्मे. मुळांचा गोळा जेमतेम दहा सेंटिमीटरचा होता. म्हणजे त्या मुळांभोवती त्यांच्या कितीतरी पट ओले भरण, म्हणजे कुंडीत भरलेले मिश्रण, आले.

अडचण

पहिले तीन आठवडे काही बिघडले नाही. चौथ्या आठवड्यात पाने मऊ पडली, किंचित वळू लागली. ताईंनी वरचा थर बोटाने पाहिला, कोरडा लागला, म्हणून पाणी दिले. दोन दिवसांनी पाने आणखी मलूल. पुन्हा पाणी. पाचव्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

“अगं, ही पाणी पितच नाही. जेवढं घालते तेवढी आणखी सुकतेय.”

या वाक्यातच निदान होते, पण ते मला फोनवर लगेच उमगले नाही. मीही विचारले, “ताई, ऊन थेट येतं का?” ऊन थेट येत नव्हते. पूर्वेची खिडकी, मध्ये पातळ पडदा. जागा उत्तम होती. मी दोन दिवस थांबून बघा म्हणाले. ते दोन दिवस फुकट गेले.

निदान

तिसऱ्या दिवशी मी गेले. पानांकडे बघण्याआधी कुंडी हातात घेतली, तर ती दगडासारखी जड. शेवटचे पाणी देऊन सहा दिवस झाले होते. लाकडी काडी कडेने आत घालून पाच मिनिटांनी बाहेर काढली. वरचे दोन सेंटिमीटर कोरडे, त्याखालची काडी काळपट ओली. वरचा थर वाळत होता आणि खाली चिखल तसाच होता. बोट पोचते तेवढ्यावर विश्वास ठेवला की असे होते.

शेतीत वाफसा हा शब्द आहे: माती ओली आहे पण तिच्यात हवाही आहे, अशी स्थिती. कुंडीतल्या झाडांना हा शब्द लावून बघावा असे मला फार वाटते, कारण “ओली की कोरडी” या प्रश्नात हवा राहूनच जाते. या कुंडीत वाफसा कधी आलाच नव्हता. मुळे श्वास घेतात, त्यांना प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही की बारीक मुळे आधी मरतात, आणि पाणी शोषण्याचे काम करतात ती हीच बारीक मुळे. मग भोवती पाणी असून वर पोचत नाही. पाने तहानेने सुकतात, अगदी खरोखर. तहान खोटी नसते, कारण वेगळे असते. पानांवरून हे दोन प्रकार ओळखता येत नाहीत.

तळाच्या खड्यांनी मदत केली नव्हती, उलट नुकसान केले होते. खडे घातले की निचरा सुधारतो हा समज फार घट्ट बसलेला आहे. बारीक कणांच्या थरातले पाणी जाड खड्यांच्या थरात सहज उतरत नाही. वरचा थर तळाशी पुरता भिजून चिंब झाला की मगच ते खाली गळते. त्यामुळे चिंब राहणारा पट्टा कुंडीच्या तळाशी राहण्याऐवजी तीन सेंटिमीटर वर सरकतो, थेट मुळांपाशी.

रोप बाहेर काढले. आंबूस वास आला. बरीच मुळे तपकिरी झाली होती. चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत दोऱ्याएवढा गाभा उरायचा. पांढरट, टणक, जिवंत अशी मुळे पाव हिस्सा असतील नसतील. तीन वेली बुंध्याशी गडद झाल्या होत्या, पण अजून मऊ पडल्या नव्हत्या. बाकी पाच वेलींचे देठ हिरवे होते.

कोणते पर्याय होते

पाणी बंद करून वाट पाहणे हा पहिला पर्याय. साधे झाड, जाड पाने, थोडी कूज असती तर मी तोच घेतला असता. लिनिॲरिसची पाने बारीक असल्याने त्यांत साठा कमी. एवढे मोठे ओले भरण कोरडे व्हायला दोन आठवडे सहज गेले असते, तोवर पाने टिकली नसती.

बुरशीनाशक किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतण्याचा विचार ताईंनी बोलून दाखवला. मी नको म्हणाले. चिंब भरणात हवा नाही ही मूळ गोष्ट औषधाने बदलत नाही. शिवाय मेलेले मूळ औषधाने जिवंत होत नाही.

उरले दोन. कुजकी मुळे कापून, मोकळ्या भरणात लहान कुंडीत मूळ रोप पुन्हा लावायचे. किंवा मूळ रोपाची आशा सोडून सगळ्या वेली कापून त्यांची छाट कलमे करायची. माझे मत पाच वेली कापायच्या आणि तीन मुळांवर ठेवायच्या असे होते. पाव हिस्सा मुळे आठ वेलींना पाणी पुरवू शकणार नाहीत, हा साधा हिशोब. शिवाय हिरव्या देठांत आज जे पाणी आहे ते आठवड्याने नसेल. कलमाला स्वतःची मुळे फुटेपर्यंत त्याच साठ्यावर जगायचे असते.

पहिला निर्णय, आणि तो अर्धवट का राहिला

ताईंना कापवेना. “एवढ्या लांब वेली बघूनच घेतलं होतं गं. दोन काप. बाकी राहू देत, मुळं धरतील.”

रोप त्यांचे होते. एखाद्याच्या हातात कात्री देऊन आग्रह करणे मला जड गेले. मी दोन वेली कापल्या आणि सहा वेली मुळांवर ठेवल्या. त्या वेळी हा मधला मार्ग समंजस वाटला. आज मला वाटते की सगळ्या प्रकरणातली सर्वांत महाग चूक हीच, आणि तिच्यात माझा वाटा ताईंपेक्षा मोठा आहे. कारण हिशोब मला माहीत होता.

काय केले

मूळ रोपाची कुजकी मुळे स्वच्छ कात्रीने कापली. गोळा कोमट पाण्याने हलकेच धुतला. भोके असलेल्या नऊ सेंटिमीटरच्या साध्या प्लॅस्टिक कुंडीत लावले. भरणात झाडाची बारीक साल, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) समसमान, कोकोपीट फक्त मूठभर. खडे नाहीत. पानांतून पाणी कमी उडावे म्हणून वरून पारदर्शक पिशवी सैल टाकली.

दोन वेलींची सहा कलमे झाली. प्रत्येक आठ-दहा सेंटिमीटर, चार-पाच पेरांची. कापल्यावर पांढरा चीक आला. होया रुईच्याच कुळातली, त्यामुळे चीक येणारच. तो वाळेपर्यंत तासभर तुकडे तसेच ठेवले. खालच्या दोन पेरांवरची पाने काढली, कारण मुळे पेरातून फुटतात. स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारे वाळवलेले शेवाळ, भिजवून मुठीत पिळले, एकही थेंब गळेना इतके. झाकणाच्या पारदर्शक डब्यात त्याचा थर दिला आणि उघडी पेरे त्यात टेकवली. लव असलेल्या पानांवर पाणी बराच वेळ धरून राहते, म्हणून एकही पान मॉसला टेकता कामा नये हे ताईंना दोनदा सांगितले. डबा उजेडात, पण उन्हात नाही. तापमान २२ ते २६ अंश. दिवसातून एकदा दहा मिनिटे झाकण उघडायचे.

सहाव्या दिवशी ताईंचा पुन्हा फोन. मुळांवर ठेवलेल्या सहा वेलींपैकी चार पार मलूल झाल्या होत्या, पाने चपटी होऊन सुरकुतली होती. गडद झालेल्या तीन वेली आता बुंध्याशी मऊ लागत होत्या. या वेळी त्या स्वतःच म्हणाल्या, “ये, काप.” तीन हिरव्या वेलींची नऊ कलमे केली. तीच पद्धत, तोच मॉस, तोच डबा. फरक एवढाच की हे तुकडे सहा दिवस तहानलेले होते. बुंध्याशी मऊ झालेल्या तिन्ही वेली मी मुळांवरच सोडल्या. त्यांचे शेंडे अजून हिरवे होते, ते कापायला हवे होते. त्या दिवशी मला ते सुचले नाही.

निष्पत्ती

पहिल्या सहा कलमांपैकी पाच रुजली. सहाव्याचे एक पान मॉसमध्ये दबले होते, तिथूनच ते कुजले. चौथ्या आठवड्यात डब्याच्या तळातून सेंटिमीटरभर पांढरी मुळे दिसू लागली. दुसऱ्या नऊ कलमांपैकी तीनच रुजली, तीही सातव्या आठवड्यात. उरलेली सहा रुजण्याआधीच वाळून गेली. एकाच रोपाच्या, एकाच हाताने, एकाच डब्यात लावलेल्या कलमांत एवढी तफावत पडली. नमुना छोटा आहे हे कबूल, पण देठातला साठा संपला की मॉस आणि डबा काही करू शकत नाहीत हे मला त्यावरून पटले.

मूळ रोप सहाव्या आठवड्यात गेले. बुंधा पूर्ण काळा पडला. ताई त्या दिवशी फार कमी बोलल्या.

आठ रुजलेली कलमे एकत्र नऊ सेंटिमीटरच्या कुंडीत लावली. एका कुंडीत एकच कलम लावले असते तर पुन्हा तीच गोष्ट घडली असती: मुळे थोडी, भरण जास्त. आठ जणांनी मिळून ते पाणी पटापट संपवले.

पाणी कधी द्यायचे हा प्रश्न ताईंनी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने सोडवला, आणि ही कल्पना पूर्ण त्यांची. पाणी देऊन निथळलेली कुंडी २६० ग्रॅम भरली. भरण जवळजवळ कोरडे असताना १५० ग्रॅम. काटा १८० च्या आसपास आला की पाणी द्यायचे, असे ठरले. वेली वाढतात तसे आकडे सरकतात, म्हणून दर दोन महिन्यांनी ते नव्याने मोजायचे. कुंडीला एक चिठ्ठी बांधलेली असते, तिच्यावर आकडे. महिन्याभरात त्यांच्या हाताला वजनाचा अंदाज आला, तरी चिठ्ठी त्यांनी काढली नाही.

मधल्या दोन गोष्टी थोडक्यात. चौथ्या महिन्यात पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड आली. ताईंना ती उशिरा दिसली, कारण लवेच्या पानांवर पांढरा कापूस वेगळा उठून दिसत नाही. पेरांच्या बगलेत भिंगाने पाहिले तेव्हा सापडली. ओल्या मऊ ब्रशने काढली, सौम्य साबणाचे पाणी आधी एका वेलीवर फवारून दोन दिवस पाहिले, मग सगळीकडे. दर सात दिवसांनी, तीनदा. एकदा फवारून अंड्यांतून नंतर निघणारी पिल्ले सुटतात. दुसरी गोष्ट उष्म्याची. खोलीचे तापमान बरेच दिवस ३२ अंशांच्या वर राहिले तेव्हा वाढ थांबली, शेंडे निपचित. ताईंनी या वेळी पाणी वाढवले नाही. कुंडी खिडकीच्या वरच्या कडीवरून काढून खाली, हवा खेळणाऱ्या सावलीच्या कोपऱ्यात टांगली. छताजवळची हवा जास्त तापते, तेवढ्यानेही फरक पडला. हवा निवळल्यावर शेंडे पुन्हा चालू लागले. पहाडी झाड आहे हे त्या काळात खरे कळले.

कलमे लावल्यापासून २६ महिन्यांनी, शरदात, तीन वेलींच्या टोकांना फुले आली. लिनिॲरिसची फुले वेलीच्या शेंड्याला येतात, त्यामुळे शेंडे खुडले की फुलणे लांबते. ताईंनी एकही शेंडा खुडला नव्हता. फोनवर त्यांनी फुलांचे वर्णन आधी वासाने केले, रंग नंतर सांगितला.

वेगळे काय करता आले असते

दुसऱ्याच दिवशी कुंडी बदलायला नको होती. प्रवास करून आलेले रोप आधीच ताणात असते. दोन आठवडे बाकी झाडांपासून दूर, आहे त्याच कुंडीत ठेवून फक्त पाहायचे, कीड आहे का तेही तेव्हाच कळते. अपवाद एकच: येतानाच मुळे कुजलेली असतील तर. म्हणून आल्या दिवशी कुंडीतून गोळा अलगद वर उचलून मुळे बघावीत. हे रोप आले तेव्हा मुळे कशी होती ते कोणी पाहिले नव्हते. घट्ट दाबलेल्या कोकोपीटमध्ये कूज आधीच सुरू झाली होती का, हा प्रश्न म्हणूनच कायम उघडा राहिला.

कुंडी बदलायचीच तर व्यासात दोन सेंटिमीटरची वाढ पुरे होती. सुंदर कुंडी बाहेरून वापरता आली असती, आत साधी भोकांची कुंडी ठेवून.

एखादी वेल रोप निरोगी असतानाच कापून रुजत घालायला हवी होती. दुर्मीळ झाडाबाबत आपण नेमके उलटे वागतो: दुर्मीळ म्हणून कात्री लावत नाही, आणि ते मरायला टेकल्यावर कात्री शोधतो. आठ वेलींपैकी एक कमी झाल्याने झुबका विरळ दिसला नसता. माझ्याकडे आता नवे कोणतेही लोंबणारे रोप रुळले की महिन्याभरात त्याचे एक कलम डब्यात असते.

मी फोनवर दोन दिवस थांबा म्हणाले ते चुकले. “पाणी घालते तशी सुकते” हे ऐकल्यावर पहिला प्रश्न कुंडी हलकी आहे की जड, हाच हवा होता. तो फोनवरही विचारता आला असता. आणि कात्री हातात असताना मी दोन वेलींवर मान्य झाले ते तर नक्कीच चुकले. मी ताईंना एवढेच सांगायला हवे होते: “ताई, पाच वेली आज कापल्या तर बहुतेक जगतील, पुढच्या आठवड्यात कापल्या तर बहुतेक जाणार. वेल पुन्हा लांब होते.” निर्णय तरीही त्यांचाच राहिला असता, पण मग तो समोरचा हिशोब बघून झाला असता. त्या दिवशी त्यांच्यासमोर फक्त लांब वेली होत्या आणि माझे मोघम “कापूया ना” होते.

ताईंना यातली एक गोष्ट मान्य नाही, आणि तीही नोंदवते. मूळ रोपावर तीन वेली सोडल्या त्या फुकट गेल्या असे मी म्हणते. त्या म्हणतात, मुळे धरतील या आशेवर सहा आठवडे रोज कुंडी उचलून पाहिली, त्यातूनच वजन बघायची सवय लागली.

सध्याची स्थिती

सर्वांत लांब वेल आता ९० सेंटिमीटरच्या पुढे आहे. कुंडीच्या तळभोकांतून मुळे डोकावतात, आणि १८० चा काटा पूर्वी सहा दिवसांनी यायचा तो आता तीन दिवसांनी येतो. म्हणजे कुंडी बदलायची वेळ आली आहे. फुले गळून जाईपर्यंत थांबायचे, मग नऊवरून अकरा सेंटिमीटरवर जायचे, भरण तेच, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे. त्याआधी एका फुले न आलेल्या वेलीची तीन कलमे करायची आहेत. मॉस भिजत घालून ठेव, असा ताईंचा निरोप काल आला.